घर तीन अंशांनी थंड झालं, त्याची गोष्ट

टक्.

दुपारच्या सुन्न शांततेत आमच्या घरात एवढाच आवाज व्हायचा. खोलीतून माणूस उठला रे उठला, की त्याच्या मागोमाग बाबांचा हात बटणावर. पंखा दोन-चार आळसट गिरक्या घेऊन थांबायचा आणि बाबा कोणाकडेही न बघता म्हणायचे, "भिंतींना घाम येत नाही."

बाबा म्हणजे माझे सासरे. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरचे मीटर वाचले. जिन्याखालच्या अंधारात, कुत्र्यांच्या भुंकण्यात, डोळ्यांवर चष्मा आणि मीटरवर बॅटरी धरून. निवृत्त झाल्यावर वाचायला एकच मीटर उरला, आमचा. त्यामुळे बत्तीस वर्षांची सगळी शिस्त त्या एका मीटरवर आली. रोज सकाळी सातला ते खाली जाऊन आकडा बघून येत आणि चहाच्या टेबलाशी उभं राहून जाहीर करत, "काल नऊ युनिट. इस्त्री कोणी केली?" ज्याने इस्त्री केलेली असायची तो मान खाली घालायचा.

गेले बारा दिवस आमच्याकडे सकाळी आकडा जाहीर होत नाही. बाबा नणंदेकडे गेले आहेत. शेजारी विचारतात तेव्हा आम्ही "हवापालट" असं सांगतो. खरं म्हणजे ते माझ्यामुळे गेले, आणि परत येतील की नाही हे मला ठाऊक नाही. ठमी झोपली आहे, ती उठेपर्यंत सगळं लिहून काढते. आमची ठमी साडेचार वर्षांची आहे, आणि तिच्या झोपेवर माझा भरवसा नाही.

सुरुवात तिच्याच पाठीपासून झाली. आमचं घर शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. उन्हाळा लागला तशी तिची पाठ घामोळ्यांनी लाल झाली. पोर झोपेतसुद्धा खाजवायची. नवरा म्हणाला, "बास. एसी घेऊ."

बाबा म्हणाले, "घ्या की. तीनशेच्या आत बसवून दाखवा म्हणजे झालं."

तीनशे हे आमच्या घरातलं कुंपण होतं. महिन्याला तीनशे युनिटच्या आत असलात तर तुम्ही सज्जन, तीनशे एकावर गेलात की दर बदलतो. बाबांच्या मते माणूसही बदलतो.

आता इथे मी गप्प बसले असते तर हे पुढचं काही घडलं नसतं. पण मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिथे आठ ते तीन एसी चालतो, तो यंत्रांसाठी. यंत्र तापलं की मालक धावत येतात. आम्ही तापलो तर डोकेदुखीची गोळी मिळते. सात तास यंत्रांच्या मेहरबानीवर गारव्यात काढायचे आणि तिकडे आपली पोर भाजत असणार, हे मनाला फार लागत होतं. त्या भरात मी म्हणून बसले, "एसीशिवाय घर थंड करून दाखवते. आणि तीनशेच्या आत."

"दाखव," बाबा म्हणाले. त्यांना बरं वाटलं असावं. सून पहिल्यांदाच त्यांच्या भाषेत बोलली होती.

पहिला प्रयोग ओल्या चादरींचा. खिडक्यांना चादरी बांधायच्या, त्यांवर पाणी मारायचं. घर थंड झालं नाही, अंधारं आणि कुबट मात्र झालं. तासाभरात खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाल्कनीत गादी वाळत होती.

"अगं, गादी मी वाळायला घातली होती," त्या म्हणाल्या. "भिजवायची असती तर मीच भिजवली असती ना? आणि एक सांगू का, चादरीने काही होत नाही. गच्ची पांढरी कर. माझ्या भाच्याने केली. घरात स्वेटर घालून बसतात."

स्वेटरचं सोडून देऊ, पण गच्ची पांढरी करायची कल्पना डोक्यात बसली. चुन्याचा जाड हात मारला की ऊन परत फिरतं, स्लॅब तापत नाही. शास्त्र होतं त्यात. गच्ची मात्र सोसायटीची होती, आणि सोसायटीत सेक्रेटरी होते.

"अर्ज लागेल," सेक्रेटरी म्हणाले. अर्ज छापील होता आणि त्यात कामाचे चारच प्रकार होते: गळती, पाण्याची टाकी, अँटेना, इतर समारंभ. गच्ची पांढरी करणं यातलं कशातच बसेना. समारंभ म्हणून परवानगी घ्यावी तर जेवण द्यावं लागेल, असं नवऱ्याचं मत पडलं. शेवटी सेक्रेटरींनीच सुचवल्यावरून मी 'गळती'वर खूण केली. पुढच्या रविवारी समितीचे तीन सदस्य गळती बघायला आले. घरभर छताकडे बघत फिरले, चहा घेतला, आणि गळती नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"मग अर्ज कशाला केला?"

"थंडाव्यासाठी."

"मग तसं लिहायचं."

"रकाना नव्हता."

"नसेल तर करू नये," एक सदस्य म्हणाले. एवढं सरळ उत्तर मला सरकारी कचेरीतही कधी मिळालेलं नाही. अखेर आठवड्याने पत्र आलं: 'गळती नसल्याची खात्री झाल्याने चुना मारण्यास हरकत नाही. मारल्यानंतर गळती झाल्यास जबाबदारी अर्जदाराची राहील.'

रविवारी सकाळी सहाला मी आणि नवरा दोन पिंपं, चार झाडू आणि डिंकाचा डबा घेऊन गच्चीवर चढलो. नवऱ्याने टाकीच्या बाजूने घेतलं, मी दाराकडून सुरुवात केली. शिकल्यासवरल्या बाईने दाराकडून सुरुवात का करावी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. नऊ वाजता मी समोरच्या कोपऱ्यात पोचले, कंबर सरळ केली आणि वळून पाहिलं. माझ्या आणि जिन्याच्या मध्ये सगळीकडे ओला चुना. पाय टाकला तर तीन तासांची मेहनत फुकट. न टाकला तर डोक्यावर ऊन आणि पायाखालून तेच ऊन परत फिरलेलं. म्हणजे शास्त्र बरोबर होतं. ऊन परत फिरत होतं आणि मध्ये मी उभी होते.

समोरच्या इमारतीतली माणसं खुर्च्या घेऊन बसली. कुणीतरी ओरडून विचारलं, "वहिनी, शिडी लावू का?" शिडी कशाला लावणार होते, ते त्यांनाच माहीत.

बाबा जिन्याच्या दारात आले. हसले नाहीत. "हलू नको," म्हणाले, "दीड तासात वाळेल. मी आहे इथे." आणि खरोखरच ते दारातल्या पायरीवर बसून राहिले. माझ्याकडे छत्री फेकली, मग पाण्याची बाटली, मग ओला टॉवेल. तिसऱ्या वस्तूपर्यंत त्यांचा नेम चांगला बसला होता. टॉवेल नेमका तोंडावर आला.

त्याच वेळी तिकडे नवऱ्याने टाकीच्या झाकणावर ठेवलेली बादली कलंडली. सोमवारी सकाळी अख्ख्या इमारतीच्या नळांना दुधासारखं पाणी आलं. सेक्रेटरींनी फोन केला. त्यांनी दाढीला साबण लावला होता आणि तोंड धुता येत नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी अर्जात 'पाण्याची टाकी' या प्रकारावरही खूण करून द्यायला सांगितलं.

पण मी खचले नाही. लॅबमधून फ्रिजचा जुना थर्मामीटर मागून आणला होता. ठमी ज्या खोलीत दुपारी झोपते तिथे तो टांगला आणि फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवला. लॅबमधून आले की साडेतीनला तापमान बघायचं आणि मांडायचं. चुन्याआधी सदतीस. चुन्यानंतर पहिल्या दिवशी, सदतीस.

सदतीस! माझ्या हातांना चुन्याने भेगा पडल्या होत्या, नाकाचं साल गेलं होतं, आणि सदतीस. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात घासली असतील. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"चुना मुरावा लागतो," ते म्हणाले. "एक दिवस जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी चौतीस.

मी तीनदा बघितलं. चष्मा पुसून बघितलं. चौतीस! तिसऱ्या दिवशी चौतीस, चौथ्या दिवशी साडेतेहतीस. ठमीची पाठ आठवड्यात मऊ झाली. मी तो तक्ता फोटो काढून लॅबमध्ये दाखवला, नणंदेला पाठवला, सेक्रेटरींना पाठवला. शेवटच्या मजल्यावर आमच्याखेरीज दोन घरं आहेत. त्यांपैकी एका घरातल्या मास्तरीणबाई मला जिन्यात म्हणाल्या, "आम्हाला काही फरक वाटत नाही हो. डोक्यावर पांढरं आहे आणि खाली पूर्वीसारखीच भट्टी."

"वाटण्यावर जाऊ नका," मी त्यांना म्हटलं. आता आठवलं की कान गरम होतात. "नोंद ठेवा. आकडे खोटं बोलत नाहीत."

त्याच सुमारास बाबांनी सकाळी आकडा जाहीर करणं बंद केलं. घसा बसलाय, म्हणाले. पंधरा दिवस त्यांचा घसा बसलेला होता आणि मी, रोज दीडशे लोकांच्या रक्तात काय लपलंय ते शोधणारी बाई, त्यांना गुळण्यांसाठी कोमट पाणी देत होते.

मग बिल आलं. तीनशे एकोणचाळीस.

मी ते उलटं धरून पाहिलं. नवरा म्हणाला, "बघ, एसी घेतला असता तर निदान कारण तरी असतं." हे वाक्य मी त्याला अजून माफ केलेलं नाही. बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "उन्हाळ्यात मीटर पळतोच. राहू दे."

"राहू दे काय, बाबा? घर थंड झालंय, पंखा दोनवर असतो, इस्त्री मी लॅबच्या खालच्या दुकानात देते. मीटर बिघडलाय!"

"मीटर नाही बिघडत गं सहसा."

"तुम्हीच सांगायचात ना, की दर हजारात एक बिघडतो?"

त्यांनी पेपराचं पान उलटलं. आयुष्यभर त्यांनी मीटरची बाजू घेतली होती, मला वाटलं तेच चाललंय. माणूस समोर बसून जणू हात जोडून 'राहू दे' म्हणत होता आणि मी आकड्याकडे बघत होते.

वीज कचेरीत मी दोन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला खिडकी क्रमांक चारने मला सातकडे पाठवलं, सातने सांगितलं की तक्रार चारकडेच होते, पण ते आता जेवायला गेलेत. दुसऱ्या खेपेला चारवर माणूस होता, फॉर्म नव्हता. फॉर्म बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळाला. सहा दिवसांनी तपासनीस येणार असं ठरलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अकरा वाजता घरी हजर राहिले. बाबांना मी आधी सांगितलं नव्हतं. त्यांना आयता निकाल दाखवायचा होता.

तपासनीस आला आणि दारातच थबकला. "साहेब? तुम्ही इथे राहता?"

तो बाबांच्या हाताखाली शिकलेला निघाला. त्याने बाबांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "वहिनी, आकडा कसा वाचायचा ते मला साहेबांनी शिकवलं. कोणाच्याही घरात चहा घ्यायचा नाही, हेही." बाबा हसले, पण खुर्चीच्या कडेवर बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

घरातलं सगळं बंद केलं. मीटर थांबला. एक पंखा लावला, पंख्यापुरता फिरला. पेटीतून आणलेला दुसरा मीटर जोडून अर्धा तास बघितलं. दोघांचा आकडा एकच.

"मीटर ठणठणीत आहे, वहिनी. दिवसा घरात काय काय चालतं?"

"मी नसते. बाबा आणि ठमी असतात."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पंखा. एकच. दोनवर."

इथे थांबायला हवं होतं मला. पण लॅबमध्ये नमुना एका ठिकाणी गडबड दाखवत असेल तर आम्ही दुसरीकडून तपासतो. ती सवय. मी ठमीला समोर घेतलं आणि ज्या आवाजात तिला नेहमी विचारते त्याच आवाजात विचारलं, "ठमे, आई नसताना घरात काय काय चालू असतं? खरं सांगायचं हं. खरं सांगणाऱ्याला कोणी रागवत नाही."

ठमी आनंदाने म्हणाली, "पंखा! आणि गारपेटी!"

आणि ती आम्हाला हाताला धरून मागच्या बाल्कनीत घेऊन गेली. तिथे आमचा जुना लोखंडी कूलर होता. चार वर्षांपूर्वी बाबांनीच तो बाद ठरवला होता. मोटर जळकट, वीज दुप्पट खातो म्हणून. वर जुनी चादर टाकलेली. ठमीने चादर ओढली. गवताच्या जाळ्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. कूलरचं तोंड ठमीच्या खोलीच्या खिडकीकडे होतं.

आणि मग मी बोलले. मला वाटलं मी विनोद करतेय. कचेरीतल्या दोन खेपा, अर्धी रजा, नाकाचं साल, सगळं त्या विनोदात आलं असावं.

"वा, बाबा! बत्तीस वर्षं लोकांची वीजचोरी पकडलीत, आणि घरात ही चोरी!"

तपासनीस घाईघाईने म्हणाला, "अहो वहिनी, स्वतःच्या घरात कूलर लावणं म्हणजे काय गुन्हा आहे का? साहेब, तुम्ही बसा." पण त्याला बाबांकडे बघता येईना. तो वहीत बघून बोलत होता.

बाबा म्हणाले, "शेरा लिहायचा राहिलाय तुझा." त्यांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्या कागदावर, ज्या वळणदार अक्षरात त्यांनी हजारो घरांचे आकडे लिहिले असतील त्या अक्षरात, लिहिलं: 'मीटर बरोबर. चूक ग्राहकाची.' खाली सही केली. मग शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आपल्या खोलीत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी घरातलं एकही बटण बंद केलं नाही. हॉलमध्ये कोणी नसताना पंखा फिरायचा, बाथरूमचा दिवा तासन्तास जळायचा, आणि ते त्याखालून निघून जायचे, परक्या घरातून जावं तसे. मी दोनदा बोलायला गेले. एकदा म्हटलं, "बाबा, मी गंमतीने म्हटलं हो." ते म्हणाले, "हो हो, कळलं मला." दुसऱ्यांदा मी फक्त चहा ठेवून आले. चौथ्या दिवशी त्यांनी बॅग भरली. "ताईकडे जाऊन येतो. उन्हाळा संपेपर्यंत." नवरा स्टेशनपर्यंत गेला. ठमी खिडकीत उभी राहून ओरडत होती, "आजोबा, पाणी कोण भरणार?" मला वाटलं, ती माठाबद्दल बोलतेय.

आता ठमी माझ्याबरोबर लॅबमध्ये येते. स्वेटर घालून स्टुलावर बसते आणि रिकाम्या नळ्यांना नावं देते. मालक म्हणतात, चार दिवस ठीक आहे. बाबांना मी फोन करते. ते म्हणतात, "इथे बरं आहे. एसी आहे." मग विचारतात, "ठमीची पाठ?" मी म्हणते, "बरी आहे." बरी नाहीये. कालपरवापासून पुन्हा लाल व्हायला लागली आहे. फ्रिजवरच्या तक्त्यात शेवटचे सगळे आकडे सदतीस आहेत. मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या की मीच आधी खाली बघते.

काल सुट्टी होती. दुपारी ठमीची चिडचिड बघवेना, म्हणून शेवटी मी बाल्कनीत गेले आणि त्या कूलरवरची चादर काढली. बादलीने पाणी ओतू लागले तर ठमी शेजारी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तसं नाही. आधी खिडकी उघडायची. मग पाणी. मग मी झोपते आणि आजोबा इथे बसतात."

"इथे? उन्हात?"

"हो. पाणी संपतं ना सारखं. मग ओतायला लागतं. आणि तीन वाजले की बंद, आणि फरशी पुसायची, आणि चादर टाकायची. आई यायच्या आत."

"आईला का नाही सांगायचं पण?"

माझ्या अज्ञानाची तिला कीव आली असावी. "अगं, तू वर किती भाजलीस! तुझं नाक कसं झालं होतं! आजोबा म्हणाले, तुला वाटू दे, चुन्यानेच गार झालं. म्हणाले, हे आपल्या दोघांतलं."

बादली माझ्या हातातच होती. चौतीस, चौतीस, साडेतेहतीस. किती ठळक अक्षरांत लिहिले होते मी ते आकडे. कुंपणापलीकडे एक युनिट गेलं तर ज्यांना झोप लागत नसे, त्यांनी माझ्या तक्त्यासाठी रोज ते कुंपण ओलांडलं होतं. सकाळी खाली जाऊन तो आकडा एकट्याने वाचला होता. आणि वर येऊन माझ्या हातचं कोमट पाणी घेऊन गुळण्या केल्या होत्या.

मी खाली बसले. ठमी माझ्या मांडीत येऊन बसली, पाठ माझ्याकडे करून, खाजवायला. मी हलक्या हाताने खाजवत राहिले. मग ती न वळताच म्हणाली,

"आई, आजोबा गेले ते मी सांगितलं म्हणून, की तू विचारलंस म्हणून?"